डेलियाचा कबुलीजबाब

हसाल, पण सांगतोच. चौतीस वर्षं मी पुण्यात लॉ कॉलेजात राज्यघटना शिकवली. आरोपीचे हक्क हा माझा हातखंडा विषय. आरोपीला स्वतःविरुद्ध बोलायला भाग पाडता येत नाही, हे ज्यांच्याकडून घोकून घेतलं, त्यातले दोघं आज न्यायाधीश आहेत! आणि माझं काय झालं, ऐका.

सध्या मी मुलाकडे आहे, नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावी. सकाळी लवकर फिरायला जातो. आता, देवाला फुलं नकोत का? इथल्या दुकानातली फुलं प्लास्टिकात गुंडाळलेली. वाहताना देवाचा वाढदिवस असल्यासारखं वाटतं! शेजारच्या रीटबाईंचे डेलिया मात्र कुंपणाबाहेर डोकावत होते. आपल्याकडे कुंपणाबाहेर आलेलं फूल फिरायला निघालेल्या माणसाचं, असं आपण धरूनच चालतो की नाही? मालमत्तेच्या हक्कावरचे पेपर तपासलेला माणूस मी. तरी हात गेला. चार दिवसांत चार फुलं.

पाचव्या दिवशी दारात पोलीस!

मुलगा ऑफिसात. त्याचा इथल्या नागरिकत्वाचा अर्ज नुकताच गेलेला. माझ्या डोळ्यांपुढे अर्जावरचा शेराच आला: वडील फुलचोर.

"गुड मॉर्निंग. तुम्ही रोज सकाळी लवकर फिरता ना?" तरुण पोलीसबाईंनी हसून विचारलं.

"मीच तोडली!"

"काय?"

"डेलियाची फुलं. तीन लाल, एक पिवळं. मुलाच्या अर्जावर राग काढू नका, त्याला काही माहीत नाही. सुनेनं ती देवाला वाहिली, पण माल कुठला हे तिला ठाऊक नव्हतं!"

"आबा!" सूनबाई, मेघना, लॅपटॉप सोडून धावत आली. "मला कशाला अडकवताय?"

"अगं, सोडवतोय तुला!"

पोलीसबाई गंभीर झाल्या. "सर, गुन्ह्याबद्दल बोलत असाल, तर उत्तर द्यायचं बंधन तुमच्यावर नाही."

"ठाऊक आहे! हेच तर शिकवायचो मी!" म्हणालो, आणि आत जाऊन फुलं कापलेली कात्री आणून त्यांच्या हातात दिली. मागितली नव्हती हो त्यांनी! इतकी वर्षं मी वर्गात नक्की काय शिकवलं, देव जाणे.

बाईंना हसू आवरेना. त्यांनी वही मिटली. "फुलांचं तुम्हीच शेजारणीला सांगा. असल्या गोष्टीनं कुणाचा अर्ज अडत नाही. मी आलेय सायकलीसाठी. काल सकाळी रीटबाईंची सायकल चोरीला गेली. कोणी दिसलं का तुम्हाला?"

माझा जीव भांड्यात पडला. निदान इथे तरी उपयोगी पडू!

"दिसला ना! चांगला गृहस्थ. सायकलचं मागचं चाक उचलून चालला होता. म्हटलं, बिचाऱ्याची पंक्चर झालेली दिसतेय. दोन्ही हात गुंतलेले, मागच्या बोळाचं फाटक उघडेना. मग मीच उघडून धरलं. थँक यू म्हणाला!"

मेघनानं कपाळाला हात लावला. पोलीसबाईंनी मिटलेली वही पुन्हा उघडली.

"पूर्ण नाव, सर?"

माझं आडनाव काही त्यांना एका दमात लिहिता येईना. मग काय, उगाच चूक राहायला नको म्हणून मी चष्मा लावून शेजारी उभा राहिलो आणि एकेक अक्षर सांगून लिहून घेतलं!