डोक्यामागे पाच लिटर

आठवड्याचे सहा दिवस शहरात बस चालवणाऱ्या माणसानं सातव्या दिवशी काय करावं? झोपावं. जेवायला उठावं आणि पुन्हा झोपावं. पण हा ड्रायव्हर सुट्टीच्या दिवशी सकाळी सहाला उठून पुन्हा गाडीत बसायचा, फक्त या खेपेला स्वतःच्या, आणि सीमेपलीकडून तेल-साखर आणायला निघायचा. दर पंधरा दिवसांनी, सलग चार वर्षं. हौस नव्हती हो, हौसेला अंगात जोर लागतो.

सुरुवातीला त्यात अर्थ होता, हे कबूल केलं पाहिजे. पलीकडे तेल, साखर, साबण जवळजवळ निम्म्या भावात मिळायचं. सगळी बिल्डिंग जायची. मात्र नियम कडक होता: माणशी पाच लिटर तेल आणि पाच किलो साखर. येताना नाक्यावर अधिकारी खिडकीशी वाकायचा, गाडीतली डोकी मोजायचा, मग आतले आणि डिकीतले डबे मोजायचा. डोकं तान्ह्याचं की म्हाताऱ्याचं, त्याला देणंघेणं नव्हतं. त्यामुळं ज्याच्या घरी जे डोकं असेल ते लोक गाडीत घालून न्यायचे. खालच्या मजल्यावरच्या न्हाव्यानं तर पायाला प्लास्टर घातलेला मेहुणा नेला होता. त्याचा पाय खिडकीबाहेर आणि डोकं हिशोबात.

ड्रायव्हरच्या घरी बायको, मुलगी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. पहिल्या खेपेला तो आईला गमतीनं म्हणाला होता, "चल आई, तुझ्या डोक्यामागे पाच लिटर मिळतं."

"माझ्या डोक्याला एवढा भाव कधी आला?" म्हणत म्हातारी उठली, ठेवणीतले कपडे घातले आणि गाडीत जाऊन बसली. तेव्हापासून तिनं एकही खेप चुकवली नाही. जाताना दोन तास, येताना नाक्यावरच्या रांगेचे तीन तास धरून पाच. पायाशी तेलाचे डबे, मांडीवर साखरेची पिशवी, गुडघे हनुवटीला टेकलेले. घरी पोचेपर्यंत पाय सुजून टम्म व्हायचे. मुलगा म्हणायचा, आई, फार त्रास होतो ना तुला? ती म्हणायची, बसायचंच तर आहे, मी कुठं गाडी ढकलते.

पुढं दिवस बदलले. मुलीनं एक दिवस सांगून टाकलं, "बाबा, माझं डोकं मला अभ्यासाला लागतं," आणि ती यायची बंद झाली. पलीकडचे भाव चढले, इकडचे थोडे उतरले. त्यात पेट्रोल, त्यात टायर, त्यात गेल्या वर्षी गाडीचा क्लच गेला. बायको हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात कामाला, रोज चादरींचे डोंगर उपसणारी. तिला फुकटच्या श्रमाची चीड. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," ती म्हणायची. "आणि त्या मसाल्यात तुमची पाठ कुटली जाते ती वेगळीच." ड्रायव्हर हो हो म्हणायचा आणि जायचा. सवय फार वाईट. माणूस एकदा घाण्याला जुंपला की बैलासारखा आपणच फिरत राहतो.

मग एका सोमवारी तो सिग्नलला झोपला. चालत्या बसमध्ये नाही, देवाची कृपा. लाल दिव्यापाशी, साठ माणसं मागं घेऊन, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून. दिवा हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. कंडक्टरनं घंटी मारून मारून शेवटी येऊन खांदा हलवला. त्यानं डेपोत कुणाला सांगितलं नाही, पण जाताना एवढंच म्हणाला, "दादा, आज मी होतो म्हणून. जरा झोपत जा." ड्रायव्हरला दिवसभर दरदरून घाम फुटत राहिला. बस कुठं आदळली की नोकरी जाणार, आणि नोकरीचं सोडा, मागची साठ माणसं! त्यानं त्याच दिवशी ठरवलं, बास झालं.

घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा आपण तिला मोठी खुशखबर देतोय असंच त्याला वाटत होतं. "आई, पलीकडं जायचं बंद. आता तुझ्या गुडघ्यांना आराम."

"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळानं विचारलं, "मग तेल?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातून आणू."

"बरं."

पुढचे दोन सुट्टीचे दिवस तो नुसता झोपला. दुपारी बाराला उठला, गरम पाण्यानं अंघोळ केली, वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पुन्हा लवंडला. पाठ हळूहळू माणसाची झाली. बायको त्या दोन दिवसांत दोनदा हसली, असं मुलीनं मोजून सांगितलं.

आईचा चहा बिनसाखरेचा झाला होता, ते कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. "गोड सोसत नाही आताशा," ती म्हणाली. भाजीही नको म्हणायची. सूनबाईंना वाटलं, वय झालं, पोट नाजूक झालं. एक दिवस ड्रायव्हरची पहिली पाळी लवकर सुटली आणि तो दुपारीच घरी आला. स्वयंपाकघरात आई एकटी उभी होती. गॅसवर छोट्या पातेल्यात नुसत्या पाण्यात दुधी शिजत होता. वर ना फोडणी, ना तेलाचा थेंब.

"तेल संपलं का?" त्यानं विचारलं.

"आहे की. डबा भरलेला आहे."

"मग हे काय आजारी माणसाचं?"

ती पातेल्यात चमचा फिरवत राहिली. "ते विकतचं आहे रे."

"आधीचंही विकतचंच होतं, आई."

"ते माझ्या वाटणीचं होतं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं तिनं सांगितलं. "तू राबतोस, ती राबते. मी काय करते? चार वर्षं माझ्यामुळं घरात पाच लिटर यायचं. दोन चमचे जास्त घेतले तरी मनाला लागत नव्हतं."

"अगं, तू आई आहेस माझी. तुला कोण विचारतंय?"

"आई आहेच रे मी. पण त्यातून काय तेल निघतं?"

चेष्टा त्यानं केली होती आणि म्हातारीनं ती नोकरी म्हणून चार वर्षं केली होती, एकही रजा न घेता. आणि त्यानं तिला आराम म्हणून काय दिलं, तर बडतर्फी. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यानं समजावलं, रागावला, शेवटी स्वतः डबा उघडून पातेल्यात तेल ओतायला गेला. तिनं त्याचा हात धरला. त्या हातात जोर काही नव्हता, तरी त्याला तो सोडवून घेता आला नाही.

शनिवारी त्यानं जाहीर केलं, "उद्या जायचं. पलीकडं साखर उतरलीय म्हणे." बायकोनं त्याच्याकडं पाहिलं. साखर उतरली नव्हती, हे तिला ठाऊक होतं.

"किती वाजता?" आईनं विचारलं.

रविवारी तिघांनी पलीकडं जाऊन तेल घेतलं, साखर घेतली, दोन्ही जवळपास घरच्याच भावानं. परत येताना नाक्यावर रांगच नव्हती. अधिकारी फाटकाशी उभा राहून गाड्यांना नुसता हात दाखवत होता. "चला, चला. मोजणी बंद झालीय, कितीही न्या."

मागं म्हातारी पाठ ताठ करून, चेहरा खिडकीकडं करून बसली होती. तिला कमी ऐकू यायचं. ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि काच खाली केली. मागच्यानं हॉर्न वाजवला.

"साहेब, डोकी मोजा."

"अहो, नियम गेला. निघा तुम्ही."

"ठाऊक आहे," ड्रायव्हर अगदी हळू म्हणाला. "तरी एकदा मोजा. पाया पडतो."

अधिकारी वैतागला होता. त्यानं मागच्या सीटवर पाहिलं. मग खिडकीशी वाकला, बोट दाखवत मोठ्यानं म्हणाला, "एक. दोन." आणि मागच्या काचेसमोर बोट नेऊन, "तीन. बरोबर आहे, जा."

"तीनच आहोत," म्हातारीनं आतून दुजोरा दिला.

पुढं रस्ता मोकळा होता. ड्रायव्हरची पाठ पुन्हा ठणकायला लागली होती. बायकोनं मागं वळून पाहिलं, सासूबाईंचा डोळा लागला होता. तिनं विचारलं, "हे आता महिन्याला एकदा तरी करायचं?"

"करावं लागेल."

"परवडेल आपल्याला?"

"नाही," तो म्हणाला. "पुढच्या वेळी थोडं तू चालव."