डाव्या सिलिंडरचं मिसिंग

आधीच सांगतो, या ग्रुपवरचे भुताखेतांचे किस्से वाचून मी आजवर हसतच आलोय. प्रत्येक अनुभवाखाली "वायरिंग तपासलं का?" असं विचारणारा तो आगाऊ माणूस मीच. सातपूरला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं गॅरेज आहे... संशय घेणं हाच धंदा. तेव्हा हे वाचून कुणी हसलं तर राग नाही.

विलास माझा शाळेपासूनचा मित्र. पाथर्डी फाट्याजवळ घर, आणि पोर्चमध्ये त्याच्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, जुनी साडेतीनशे सीसीची मोटरसायकल. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर. अण्णा तिच्यावरून वर्षानुवर्षं सिन्नरला कारखान्यात जायचे. यंदा त्यांना लकवा मारला, डावा हात गेला. डॉक्टर म्हणाले, व्यायाम केला तर हात येईल. पण अण्णांचा एकच हेका — "आधी माझी गाडी नीट करा, मग मला शिकवा." गाडी तेव्हापासूनच मिस मारत होती म्हणे, म्हणजे एक सिलिंडर पेटतच नव्हता.

एका रविवारी दुपारी हत्यारं घेऊन गेलो. मेलेला सिलिंडर ओळखायची आमची पद्धत सोपी. गाडी चालू करायची आणि दोन्ही बाजूंच्या बेंडपाइपवर, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळीवर, पाण्याचे शिंतोडे मारायचे. उजवीकडे चर्रर्र झालं. डावीकडे पाणी नुसतं ओघळलं, म्हणजे मेलेला डावा.

प्लग बदलला. काही नाही. या गाडीत दोन्ही बाजूंना ठिणगी पाडणारी कॉइल वेगळी, पॉइंट वेगळे. डावीकडचं सगळं उजवीकडे घातलं. दोष पार्टमध्ये असता तर पार्टबरोबर तोही उजवीकडे गेला असता ना? नाही गेला! ठिणगी निळीशार, पेट्रोल येतंय, कॉम्प्रेशन उत्तम. "क्रँकचं सील गेलं असेल" म्हणणाऱ्यांनो, तेही पाहिलं. पाइप आपला थंडगार.

मला पहिला संशय आला विलासचा. त्याला ही गाडी कधीच आवडली नाही.

"विल्या, खरं सांग, हात लावलायस का हिला?"

"डोकं फिरलंय का तुझं? मला हिची किकसुद्धा बसत नाही."

हे मात्र खरं होतं.

मग शेवटची चाचणी. गाडी चालू ठेवून उजव्या, म्हणजे चांगल्या प्लगची कॅप काढून त्याची ठिणगी तोडायची. डावा थोडा जरी जिवंत असेल तर इंजिन दोन-चार ठोके धरतं. विलासने रेस धरली. अण्णा आतल्या खोलीत चहा पीत होते. तिथून पोर्च दिसत नाही, हे लक्षात ठेवा. मी कॅप उपसली.

आत कप फुटला.

"अगं बाई! भाऊजी, अण्णांचा हात बघा!" विलासच्या बायकोची, वहिनींची किंकाळी.

इंजिन गचके खात होतं. मी घाबरून कॅप परत दाबली, शॉक खाल्ला, इंजिन सावरलं. दोघंही आत पळालो. अण्णा उजवी मूठ उघडमीट करून बघत होते.

"गळूनच गेला हात," ते म्हणाले. "आन लगेच आला बी परत."

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा वाटलं हे सगळे मिळून माझी फिरकी घेतायत. पण वहिनींच्या पायावर गरम चहा सांडला होता आणि त्या रडत होत्या. नाटकासाठी कोण पाय भाजून घेईल?

बाहेर गाडी चालूच होती.

"बंद कर ना," विलास म्हणाला.

"तू कर. तुझी गाडी आहे."

दोघंही जागचे हललो नाही. शेवटी अण्णाच ओरडले, "आरं बंद करा की! पेट्रोल काय फुकट येतंय?" विलासने जाऊन डोळे मिटून चावी फिरवली. इंजिन थांबलं, पण अण्णांना काही झालं नाही. खुर्चीत होते तसेच, आम्हाला शिव्या देत. मला हायसं वाटलं. म्हटलं, योगायोग! पण खात्री करायची तर कॅप पुन्हा काढायला हवी...

अण्णांनीच विषय काढला. "काढ परत. मिस्त्रीनं तपासणी अर्धी सोडायची नसती. आन डावा चालू झाला तर..." डाव्या हाताकडे बघत राहिले. त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की मला नाही म्हणवेना. पोर्चमध्ये गेलो, गाडी चालू केली, कॅपला हात लावला... आणि मागे घेतला.

याला काही महिने झाले. डॉक्टर म्हणतात, अशा पेशंटमध्ये हात क्षणभर गळू शकतो. गळत असेल. पण मग त्याच क्षणी का? आणि धडधडीत ठिणगी पडत असताना डावा सिलिंडर मेलेला का? कॅप काढली तर कदाचित उत्तर मिळेल, पण काढायची हिंमत होत नाही.

दर रविवारी हत्यारं घेऊन जातो. चहा पितो.

"आज बघतो का रं?" अण्णा विचारतात.

"एक पार्ट यायचाय, अण्णा."

कुठला पार्ट, ते विचारत नाहीत. उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवतात आणि म्हणतात, "येऊ दे निवांत. मी हाय तवर आला म्हंजी झालं."