खोडलेली ओळ आणि अकरा पिवळे स्फटिक

ती घटना आजही आठवते आणि आठवली की डोकं तापतं. आरोपीचा राग येतोच, पण त्याहून जास्त माझा स्वतःचा येतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंच आता विसरलो. ही घटना मात्र अकरा पिवळ्या दगडांची आहे आणि ती काही डोक्यातून जात नाही. नावं कुणाचीच लिहीत नाही. ज्यांना लाज वाटायला हवी त्यांना वाचून कळेलच.

तेव्हा मी लातुरात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी एका शिक्षणसंस्थेचे सचिव लेखी अर्ज घेऊन आले. त्यांच्या महाविद्यालयात खनिजांचं एक छोटं संग्रहालय होतं. कंधारचे एक निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक, विज्ञान शिकवणारे, त्यांनी तिथे अकरा स्फटिक भेट दिले होते. नैसर्गिक सिट्रीन म्हणून. सिट्रीन म्हणजे पिवळी गारगोटी. जांभळी गारगोटी आपल्या भागात विहीर खोदताना अधूनमधून निघते. ती भट्टीत तापवली की पिवळी-नारिंगी होते आणि बाजारात सर्रास सिट्रीन म्हणून खपते. जमिनीच्या पोटातच पिवळी झालेली मात्र क्वचित सापडते आणि खनिजं जमवणारे हौशी लोक तिच्यासाठी जीव टाकतात.

तर, बाहेरगावहून आलेल्या एका तज्ज्ञाने कपाटातले ते अकरा नग पाहिले आणि चारचौघांत सांगितलं की हे भाजलेले आहेत. संस्थेची शोभा झाली. सचिवांचं म्हणणं असं, की गुरुजींनी खोटा माल देऊन शाल-श्रीफळ घेतलं, फसवणुकीचा गुन्हा नोंदवा. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. उठताना ते म्हणाले, "ह्या लोकांच्या घरात असली चीज आली कुठून, ते आधी विचारा साहेब." गुरुजी बौद्ध कुटुंबातले, हे त्यांनी त्याआधी दोनदा सांगून झालं होतं. मी अर्ज ठेवून घेतला. तिथेच त्यांना खडसवायला हवं होतं.

कोणत्याही ठाण्यात कुणाला खुर्ची मिळते आणि कुणाला बाकडं, एवढं पाहिलं तरी पुढच्या तपासाचा अंदाज येतो. अर्ज चौकशीसाठी गुरुजींना बोलावलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत कापडी पिशवी. एसटीने कंधारहून अकरा वाजता आले आणि चार वाजेपर्यंत बाकड्यावर बसले. माझ्याकडे त्या दिवशी फार कामं होती असं नाही. बसवून ठेवायची सवय, दुसरं काय. माणूस बसून बसून मऊ पडतो, असं आम्हाला वरिष्ठांनी शिकवलेलं आणि आम्ही खालच्यांना शिकवलेलं.

माझ्या लेखनिक होत्या एक हवालदारबाई. गुरुजींना बघताच त्या उभ्या राहिल्या. त्यांच्या शाळेत शिकलेल्या. मी डोळे वटारले तशा खाली बसल्या आणि जबाब लिहायला घेतला.

मी पहिलाच प्रश्न केला, हे दगड कुठून घेतले? गुरुजी म्हणाले, घेतले नाहीत, घरचे आहेत. मी म्हटलं, घरी काय खाण आहे का? ते वडिलांविषयी काही सांगू लागले. मी म्हटलं, वडिलांचं राहू द्या, पावती आहे का? तेव्हा ते म्हणाले, "पावती न्हाई साहेब. पण ज्या दगडातून हे निघाले तो दगड माझ्या घरी हाय."

बाईंनी ते लिहिलं. मी लिहिताना पाहिलं आणि चिडलो. विचारलं तेवढंच लिहा, दगडांच्या गोष्टी ऐकायला आपण बसलेलो नाही, असं म्हणून ती ओळ खोडायला लावली. नियमाप्रमाणे खोडलेल्या जागी मी सही केली, गुरुजींनीही केली. जबाब वाचून दाखवताना "समक्ष विचारल्यावरून सांगतो की" हे शब्द ज्यांनी ऐकले असतील त्यांना ठाऊक आहे, आमचा जबाब विचारण्यावर चालतो. विचारणारा आंधळा असेल तर जबाबही आंधळा.

गुरुजींना मी तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा तेच प्रश्न केले. तिसऱ्या वेळी जाताना ते दारात थांबले. म्हणाले, "गुन्हा दाखल करायचा तर करा साहेब. पण कपाटात माझ्या वडिलांच्या नावाची पाटी होती. ती काढली त्यांनी. कुठं टाकली तेवढं विचारता का?" मी बघतो म्हणालो आणि पुढच्या फाईलला हात घातला. त्यांच्यासाठी अख्खं प्रकरण त्या पाटीचं होतं, हे मला कळायला अजून वेळ होता.

खबऱ्याशिवाय पोलीस पांगळा म्हणतात. या प्रकरणात माझी खबरी निघाली माझी दाढ. वरच्या दाढेवर टोपी बसवायची होती. दंतवैद्य म्हणाले, उशीर लागेल, टोप्या बनवणाऱ्या लॅबची भट्टी बिघडली आहे. कशाने, म्हणून सहज विचारलं. तर म्हणे कुणी प्रोफेसर तिच्यात दगड भाजत होते, एक फुटला.

मी दाढ धरून खुर्चीवरून उठलो तो तडक त्या लॅबमध्ये. तिथला कारागीर साधा माणूस, पोलीस बघून घाबरला. त्याला म्हटलं, तुझ्यावर काही नाही, जे झालं ते सांग. तो म्हणाला, "प्रोफेसर माणूस साहेब, न्हाई कसं म्हणायचं? जांभळे दगड आणले, म्हणले प्रयोग हाय, लई हळू तापवायचं. एक फुटला अन् भट्टीला आतून तडा गेला." फुटलेल्याचे तुकडे त्याने खणात जपून ठेवले होते, भरपाई मागायला. एक टोक करपलेल्या गुळाच्या रंगाचं, बूड खडूसारखं पांढरं. मी ते घेऊन महाविद्यालयात गेलो आणि कपाटातल्या अकरांशेजारी ठेवले. तीच करपलेली टोकं, तीच पांढरी बुडं. प्रोफेसर म्हणजे कोण, हेही कारागिराने सांगितलं होतं. त्याच महाविद्यालयाचे विभागप्रमुख, ज्यांच्याकडे त्या कपाटाची किल्ली असे.

म्हणजे गुरुजींनी खरे दिले होते आणि किल्लीवाल्याने बदलले होते. त्या क्षणापासून मला जो राग चढला तो अजून पुरता उतरलेला नाही.

विभागप्रमुखांना बोलावलं. ते खुर्चीवर बसले, पायावर पाय टाकला आणि मला भूगर्भशास्त्र शिकवू लागले. भट्टीतला प्रकार म्हणजे विद्यार्थ्यांसाठी प्रयोग होता, म्हणाले. मोबाईल ताब्यात घेतला तर त्यात पिवळ्या स्फटिकांचे फोटो, हैदराबादच्या एका संग्राहकाला पाठवलेले. त्या गृहस्थाकडे पथक गेलं. तो बिचारा प्रामाणिक निघाला. अकराच्या अकरा स्फटिक कापसात ठेवलेले, ते त्याने पंचांसमोर काढून दिले. मी पहिल्यांदा खरं सिट्रीन पाहिलं. त्यात कुठे नारिंगी नाही, भडकपणा नाही. घाण्यावरच्या करडईच्या तेलाचा रंग, किंचित धुरकट, बुडापासून टोकापर्यंत एकसारखा. दगडाला कुणी इतकं जपावं, हे मला तोवर वेडेपण वाटत होतं. ते हातात घेतल्यावर वाटेनासं झालं.

पण हातात माल आला म्हणजे गुन्हा शाबीत झाला असं नसतं. विभागप्रमुख म्हणाले, हे मी जालन्याकडच्या एका फिरत्या विक्रेत्याकडून घेतले, माझे स्वतःचे आहेत. संस्थेची नोंदवही काढली. तिच्यात एवढंच: पिवळे स्फटिक, नग अकरा. वजन नाही, माप नाही, फोटो नाही. ती नोंद कुणी केली? त्यांनीच. ते माझ्याकडे बघून हसले. "साहेब, कोणता दगड कोणत्या विहिरीतला, हे त्याच्यावर लिहिलेलं असतं का?"

मी टेबलावर हात आपटला, पण हात आपटून पुरावा तयार होत नाही. केबिनमध्ये येरझारा घालत राहिलो. तेवढ्यात हवालदारबाई आत आल्या. त्यांनी गुरुजींचा पहिला जबाब माझ्यासमोर ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. एका रेघेने खोडलेली, खाली माझी सही, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. ज्या दगडातून हे निघाले तो दगड माझ्या घरी आहे.

म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी पुरावा पुढे ठेवला होता आणि मी तो स्वतःच्या सहीने खोडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हवालदारबाईंना घेऊन कंधार गाठलं. दोन पंच घेतले, तलाठी आणि एक औषध दुकानदार. गुरुजींचं घर किल्ल्याच्या बाजूला, दोन खोल्यांचं, झाडून पुसून लख्ख. त्यांनी कॉटखालून एक लाकडी पेटी ओढली. आत घमेल्याएवढा काळा दगड, मधोमध खोलगट, आणि त्या खळग्यात तुटक्या दातांसारखी पिवळी खुंटं. प्रत्येक खुंटाशेजारी बारीक अक्षरात आकडा, एक ते अकरा. त्यांच्या वडिलांनी छिन्नीने स्फटिक काढले होते, खुंटं तशीच राहिली होती. आकडे गुरुजींनी नोकरीला लागल्यावर घातलेले.

मी स्फटिकांचा सीलबंद डबा पंचांसमोर उघडला. गुरुजींनी हात पुढे केला आणि मागे घेतला. ते हवालदारबाईंना म्हणाले, "तू बसव पोरी. माझ्यानं व्हायचं न्हाई."

बाईंनी पहिला स्फटिक घेतला, तीन खुंटांवर लावून पाहिला, चौथ्यावर तो बसला. तडकलेल्या कपाचा कान बसावा तसा, मध्ये नखही जाईना. तलाठी वाकून बघत होता, तो तसाच वाकलेला राहिला. एकेक करत नऊ बसले. दोन बसले नाहीत. त्यांचं बूड कुणीतरी कापून घासून गुळगुळीत केलं होतं, देखणे दिसावेत म्हणून. नऊ मला भरपूर झाले. पंचनामा लिहिला, प्रत्येक जोडाचा फोटो घेतला आणि पेटीसकट सगळं प्रयोगशाळेकडे पाठवलं. त्यांचा अहवालही तसाच आला.

विभागप्रमुखांसमोर ते फोटो ठेवले तेव्हा पायावरचा पाय खाली आला. कबुली दिली, पण तीही अशी: "त्यांच्याकडे ते कॉटखाली पडून राहिले असते. त्यांना काय किंमत कळणार होती?" ज्या माणसाने प्रत्येक खुंटाला आकडा घालून जपला, त्याला किंमत कळत नाही, असं हे किल्लीवाले सांगत होते. मी आयुष्यात आरोपीवर हात उचलायचं टाळलं. त्या दिवशी तो खिशात घालावा लागला. तज्ज्ञ बोलल्यावर संशय गुरुजींवर ढकला, कुणीही विश्वास ठेवेल, हा सल्लाही सचिवांना त्यांचाच. आणि विश्वास ठेवला कुणी? मी.

विभागाच्या झडतीत एका कपाटामागे पाटी सापडली. पुठ्ठ्यावर शाईने लिहिलेली, एक कोपरा दुमडलेला. मुद्देमालाच्या यादीत अकरा स्फटिकांखाली ती नोंदवली, कारण गुरुजींनी पाटी विचारली होती आणि मी बघतो म्हणालो होतो.

मग पुरवणी जबाब. या वेळी गुरुजींना खुर्चीवर बसवलं, जबाब मी स्वतःच्या हाताने लिहायला घेतला आणि विचारलं, तुम्हाला काय सांगायचंय? त्यांनी काखेतली पिशवी खाली ठेवली.

"तुम्ही मला तीन खेपा विचारलं, कुठून घेतले. कुणी काढले, हे कुणीच विचारलं न्हाई."

वडील विहिरी खोदायचे. गावातल्या एका विहिरीत पस्तीस फुटांवर खडकात पोकळी लागली आणि आत हा पिवळा खजिना. मालक म्हणाला, गारगोट्या कशाला, फेकून दे. वडिलांनी त्या मुंडाशात बांधून घरी आणल्या, दगड दुसऱ्या दिवशी डोक्यावरून आणला. विहिरीला पाणी लागलं. "त्याच विहिरीचं पाणी आमच्या आईच्या घागरीत लोक वरून ओतायचे," गुरुजी म्हणाले. "बापानं खोदलेली विहीर. म्हणून वाटलं, निदान एका जागी तरी त्याचं नाव लिहिलेलं असावं." मी शब्दन् शब्द लिहिला. कायद्याच्या दृष्टीने त्यातला बराच भाग तपासाला अनावश्यक होता. तरीही लिहिला.

सही झाल्यावर मी त्यांची माफी मागितली. म्हटलं, पहिल्या जबाबातली ती ओळ मी खोडली, चूक माझी. वरिष्ठांना कळवून तसं टिपण जोडतो.

"टिपण जोडा," ते म्हणाले. "पण ती खोडलेली ओळ तशीच राहू द्या साहेब. कोर्टाला दिसली पाहिजे."

ती तशीच आहे. खटला चालूच आहे. विभागप्रमुख जामिनावर आहेत आणि कुठल्याशा क्लासमध्ये शिकवतात असं ऐकतो. सचिवांनी गुरुजींची माफी मागितलेली नाही. उलट स्फटिक संस्थेला परत द्यावेत, मोठा कार्यक्रम करू, असा निरोप धाडला होता. गुरुजींनी निरोप्याला चहा पाजून परत पाठवलं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नवे अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो, जबाब संपला असं वाटेल तेव्हा पेन खाली ठेवू नका, समोरच्याला विचारा, अजून काही सांगायचंय का? निवृत्त होईपर्यंत मी ते प्रत्येकाला विचारलं. बाकड्यावरच्यांना आधी.

संस्थेकडे देणगीपत्रच नव्हतं; न्यायालयाने सुपूर्तनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायच्या हमीवर, मुद्देमाल परत दिल्यावर गुरुजींनी गावच्या जिल्हा परिषद शाळेत काचेचं कपाट करून घेतलं. मागच्या हिवाळ्यात मी मुद्दाम बघून आलो. काळा दगड मधोमध, नऊ स्फटिक आपापल्या जागी बसवलेले, घासलेले दोन बाजूला. पुढे तीच पुठ्ठ्याची पाटी, दुमडलेला कोपरा सरळ केलेला. तिच्यावर आधी वडिलांचं पूर्ण नाव आणि त्याखाली: हे ज्या विहिरीत निघाले, ती यांनी खोदली.