बावीस डिग्रीतले वेडे राघू

सिंगापूरमध्ये स्वेटर लागतो तो फक्त ऑफिसात. बाहेर उन्हाने जीव नकोसा झालेला असतो आणि आत एसीमुळे बोटं आखडलेली असतात. त्यामुळे माझ्या फोटोग्राफीचा पहिला अर्धा तास नेहमी वाया जायचा. गार खोलीतला कॅमेरा बाहेर नेला, की दमट हवेने लेन्सवर वाफ धरायची. ती जाईपर्यंत मी झाडाखाली नुसती उभी. तेवढ्यात पक्षी येऊन, बसून, उडूनही गेलेले असायचे.

त्यातही वेड्या राघूंनी मला दोन वर्षं छळलं होतं. निळ्या शेपटीचे हे राघू ऑक्टोबरच्या सुमारास उत्तरेकडून येतात आणि मार्चपर्यंत इथे राहतात. बिशानच्या आमच्या फ्लॅटपासून दहा मिनिटांवर नदीकाठी मोठं पार्क आहे, तिथल्या एका वाळक्या झाडावर त्यांचा अड्डा. पण एका जागी बसतील तर शपथ! चतुर किडा दिसला की झेप, पुन्हा फांदी, पुन्हा झेप. माझ्याकडे त्यांचे शेकडो फोटो आहेत. बहुतेकांत रिकामी फांदी आहे आणि कोपऱ्यात कुठेतरी शेपटी.

गेल्या जानेवारीत आई नाशिकहून आमच्याकडे राहायला आली होती. ती आल्यावर चारच दिवसांत पावसाने ठाण मांडलं. सूर्य दिसेना, पारा बावीसवर उतरला. ऑफिसातल्या लोकांनी जॅकेट घालून काढलेले स्वतःचे फोटो ग्रुपवर टाकले. माझी लेक शाळेतून आली ती "सो कोल्ड, लाह" असं खास इथल्या सुरात म्हणत थेट पांघरुणात शिरली.

आई हसून बेजार. "बावीस? अगं, बावीस डिग्रीला आम्ही पंखा लावतो."

शनिवारी सकाळी मी खिडकी उघडली आणि माझ्या लक्षात आलं, की बाहेरची हवा आणि घरातली हवा जवळजवळ सारखीच आहे. म्हणजे आज लेन्सवर वाफ धरणार नाही. मी घाईघाईने बॅग खांद्याला लावली.

"या पावसात कुठे निघालीस?" आईने विचारलं.

"राघू बघायला."

"थांब, मी पण येते. छत्री कोण धरणार तुझ्यावर?"

पंख्याची गोष्ट सांगणारी आई लेकीचा हूडी चढवून आली. साडीवर जांभळा हूडी, त्यावर मांजराचं चित्र.

पार्कात चिटपाखरू नव्हतं. झाडासमोर फक्त एक वयस्कर चिनी अंकल रेनकोट घालून भल्यामोठ्या लेन्समागे बसले होते. मी त्यांना पूर्वी दोन-तीनदा पाहिलं होतं. आमची ओळख मान हलवण्यापुरतीच. त्यांनी आत्ताही मान हलवली आणि वर बोट दाखवलं.

फांदीवर सात राघू ओळीने, एकमेकांना चिकटून बसले होते. पिसं फुगवलेली, चोची एकाच दिशेला. एरवी क्षणभर न थांबणारे हे पक्षी थंडीने गप्प झाले होते. मी कॅमेरा डोळ्याला लावला. लेन्स लख्ख! बटण दाबलं, तर पडद्यावर अक्षरं आली: कार्ड नाही.

मेमरी कार्ड घरी लॅपटॉपमध्येच राहिलं होतं. माझा चेहरा बघून आईने विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. "मग पळ की," ती म्हणाली. "मी थांबते राघूंपाशी. कुठे जात नाहीत ते."

मी खरंच पळणार होते. तेवढ्यात अंकलनी रेनकोटाच्या आतून एक छोटी डबी काढली आणि तिच्यातलं कार्ड माझ्यासमोर धरलं. "टेक, टेक. नेक्स्ट वीक गिव्ह बॅक." मी थँक्यू म्हणेपर्यंत ते पुन्हा लेन्समागे गेलेसुद्धा.

मी फोटो काढू लागले. आईने छत्री धरली ती कॅमेऱ्यावर. मी निम्मी बाहेर. माझ्या मानेवरून पाणी पाठीत उतरत होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. तेवढ्यात आठवा राघू आला, चिंब भिजलेला. आधी फांदीच्या टोकाला बसला. शेजारच्याने चोच दाखवताच उडाला, एक गिरकी घेतली आणि सरळ रांगेच्या मधोमध दोघांच्या पाठीवर उतरला.

आईने जन्मभर पोस्टाच्या काउंटरवर काम केलं आहे. तिला राहवलं नाही. "पुढे सरका, पुढे सरका," ती खालून म्हणाली, "जागा करा त्याला!"

आणि ते सरकले. आधी डावीकडचे तिघं, मग उजवीकडचा एक, कुरकुरत, पाय बदलत. आठवा मध्ये रुतून बसला आणि त्याने डोळे मिटले. मी बटणावरून बोट काढलंच नाही.

"मिळाला?" आईने विचारलं.

"मिळाला!"

आम्ही दोघी तिथेच चिखलात हातात हात घेऊन नाचलो. अंकल लेन्समागून बाहेर आले, हसले आणि थर्मासच्या झाकणात ओतलेली कॉफी आईपुढे केली. आईने पिशवीतून संक्रांतीची तिळाची वडी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती वास घेऊन, जपून, उंदरासारखी कुरतडत खाल्ली.

"व्हेरी गुड," ते म्हणाले आणि हात पुन्हा पुढे केला.

पुढचे दोन दिवस आई शिंकत होती. "थंडी नाही ही, धूळ आहे," असं तिचं म्हणणं. इतक्या पावसात धूळ! फोटो तिने नाशिकला सगळ्यांना पाठवला आणि खाली लिहिलं, "छत्री मी धरली होती."

पुढच्या रविवारी आम्ही कार्ड परत द्यायला गेलो. ऊन पडलं होतं, राघू पुन्हा उधळले होते. आईने ताज्या वड्यांचा डबा नेला होता. अंकलनी कार्ड खिशात टाकलं, डबा मांडीवर घेतला आणि आईला खुणेने आपल्या स्टुलावर बसवून स्वतः बाजूला झाले. एवढा मोठा कॅमेरा तिने आयुष्यात हाताळला नव्हता.

"कुठे दाबू?"

त्यांनी तिचं बोट धरून बटणावर ठेवलं. खटखट करत एकदम वीस फोटो निघाले. त्यांत एकही राघू नव्हता, नुसतं आभाळ. अंकल एकेक फोटो पुढे सरकवून दाखवत होते आणि प्रत्येक आभाळाला "नाइस" म्हणत होते. आई इतकी हसली, की तिचे डोळे भरून आले.

"उद्या किती वाजता येतात हे?" तिने मला विचारलं. "तू ऑफिसला जा. यांना तेवढं विचारून ठेव फक्त."