सायकलीच्या कर्जाला जामीन

तो अर्ज तिसऱ्यांदा माझ्या टेबलावर आला, तेव्हाही जामीनदारांच्या दोन्ही ओळी कोऱ्याच होत्या.

"कोनीच नाई भेटलं, भाऊ," शांताबाई म्हणाल्या. "आता काय करू मी?"

गोष्ट पन्नासच्या दशकातली. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातलं एक तहसीलचं गाव होतं. मी तिथल्या कचेरीत क्लार्क होतो आणि सरकारी नोकरांच्या पतपेढीचा सेक्रेटरीही. पतपेढी म्हणजे सभासदांनी दरमहा थोडे थोडे पैसे जमवायचे आणि गरज लागेल त्याला त्यातून कर्ज द्यायचं. तारण काही नाही. फक्त कायम नोकरीतल्या दोन सभासदांनी जामीन म्हणून सही करायची. कर्जदारानं हप्ता चुकवला, तर तो त्या दोघांच्या पगारातून कापला जाई.

शांताबाई रामटेके कुरखेड्याच्या दवाखान्यात नर्स होत्या. वय तिशीच्या आत. नवऱ्यानं सोडलेलं, माहेर भंडाऱ्याकडे, तिथंही आता कोणी उरलं नव्हतं. बाळंतपणाचं बोलावणं आलं की रानातून पायी जायच्या. त्या हिवाळ्यात दहा मैलांवरच्या एका गावाहून निरोप आला. बैलगाडी मिळेना, म्हणून त्या चालत निघाल्या. पोचल्या तेव्हा बाई गेलेली होती. मूल जिवंत होतं. त्यांनी ते पुसून आजीच्या हातात दिलं आणि तशाच चालत परत आल्या. त्यानंतर त्यांनी सायकलीसाठी दोनशे रुपयांचा अर्ज केला.

आधी त्या चांद्याला जाऊन एका बँकेत विचारून आल्या होत्या. वैनगंगा ओलांडून जायचं, म्हणजे दोन दिवसांची रजा. बँकेच्या मॅनेजरला तेव्हा एजंट म्हणत. एजंटसाहेबांनी विचारलं, "सोनं आहे?" नाही. "शेती, घर?" नाही. "मग आहे काय?"

"पगार आहे, म्हनलं," शांताबाईंनी मला सांगितलं. "तर म्हने, पगारावर आम्ही देत नाई. यजमानांले पाठवा."

बँकेला वस्तू लागत होती, पतपेढीला माणसं. मला वाटलं, माणसं सोपी. कुरखेडा आणि गडचिरोली मिळून आमचे साठ-सत्तर सभासद होते आणि त्यातल्या कितीतरी घरांत बाईंच्या हातून मुलं जन्मली होती.

मी स्वतः हेडमास्तरांकडे गेलो. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "बाई बुडवणार नाहीत हे मलाही ठाऊक आहे हो. पण एकट्या बाईसाठी सही केली, तर घरात काय सांगू?" नाझर, म्हणजे कचेरीची रोकड सांभाळणारे, ते हसले. "तुम्हाले काऊन एवढी काळजी पडली?" त्यांच्या विचारण्यात काय होतं ते मला कळलं.

इथं माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी वर्ध्याचा. लग्न ठरता ठरता दोनदा मोडलं, मग आई गेली आणि पुढं कोणी विचारलं नाही. कचेरीमागे एका खोलीत राहायचो. पण संध्याकाळी पतपेढीचं काम त्याच खोलीत चाले. कोणी फॉर्म न्यायला येई, कोणी हप्ता भरायला. काम पाच मिनिटांचं, पण माणसं तासभर बसत. मुलीचं लग्न, बदली, भाताचा भाव, असलं काहीबाही बोलत. मी चहा करायचो. दिवसातलं माझं बोलणं म्हणजे तेवढंच.

सेक्रेटरीला जामीन राहता येत नाही, असा नियम होता. मी पतपेढीचे अध्यक्ष, नायब तहसीलदार, यांच्याकडे गेलो.

"साहेब, या अर्जावर मी सही करतो."

"नियम माहीत आहे ना?"

"माहीत आहे. मी सेक्रेटरीपद सोडतो."

त्यांनी चष्मा काढला. "एका सायकलीसाठी?"

"हो."

"लोक काय म्हणतील, विचार केला?"

"म्हणतातच आहेत, साहेब."

त्यांनी राजीनामा घेतला. घेताना एवढंच म्हणाले, "दुसरा जामीन कुठून आणणार?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. चार दिवसांनी कुमरे नावाचा नाकेदार, म्हणजे जंगलखात्याचा गार्ड, पगार घ्यायला गडचिरोलीला आला. त्याला कुरखेड्यात कोणाकडून तरी कळलं होतं. तो सरळ माझ्या खोलीवर आला.

"कुठी करू सही?"

मी म्हणालो, "कुमरे, लोक बोलतील बरं."

"मी जंगलात रायतो, बाबू. तेथी बोलायले कोन हाय?" त्यानं सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. "माह्या घरवालीपाशी दोन रात्री बसली होती ते बाई." मग चहा न घेताच गेला.

कर्ज मंजूर झालं. सायकल आली. शांताबाई ती आधी दवाखान्यामागच्या मैदानात शिकल्या. दोनदा पडल्या, कोपर फुटलं, असं ऐकलं. ऐकलं म्हणतो, कारण त्या मला भेटायला आल्या नाहीत. मीही गेलो नाही. गेलो असतो तर नाझरांचं म्हणणं खरं ठरलं असतं, आणि ते शांताबाईंना जास्त जड गेलं असतं.

पतपेढीचं टेबल नव्या सेक्रेटरीच्या ओसरीवर गेलं. माणसंही तिकडे गेली. पहिले काही दिवस मी सवयीनं जास्तीचं दूध घेत राहिलो. मग बंद केलं.

पुढच्या वर्षी एकदा सरकारी कामानं मी मोटारीतून कुरखेड्याच्या रस्त्यानं जात होतो. समोरून त्या आल्या. लुगड्याचा काष्टा, कॅरिअरला बांधलेली औषधांची पेटी, नजर रस्त्यावरच्या दगडांवर. मोटारीला वाट द्यायला त्या उतरून कडेला उभ्या राहिल्या. मी खिडकीत होतो. धूळ इतकी उडाली की त्यांना मी दिसलो असेन असं वाटत नाही.

एकही हप्ता चुकला नाही. कर्ज फिटल्यावर पतपेढीचा छापील कागद आला, 'आपण जामिनातून मुक्त आहात.' तोवर माझी बदली शिरोंच्याला झाली होती. तिथं बाजारात तेलुगू चाले आणि मला ती येत नव्हती.

पुढे नोकरीभर मी पतपेढ्यांचा सभासद राहिलो. जामिनासाठी कोणी आलं की दोनच गोष्टी पाहायचो. नोकरी कायम आहे का आणि माणूस बुडवणारा आहे का. फॉर्मवरही एवढंच विचारलेलं असतं. बाकीचं लोक आपल्या मनानं भरतात.