अर्धा टक्का जास्त

किस्से गोळा करायला आम्ही कधी घराबाहेर पडलो नाही. संभाजीनगरात एखाद्या बँकेत खातं असलं की पुरे. पासबुकात नोंद पडो न पडो, किस्सा हमखास जमा होतो. आमच्याकडे ते इतके साठलेत, की त्यावर कुणी व्याज दिलं असतं तर आम्हा तिघांचंही भलं झालं असतं.

तिघं म्हणजे मी, वसंतराव आणि जब्बारभाई. बैठक औरंगपुऱ्यात, जब्बारभाईंच्या चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर, संध्याकाळी पाचला. वसंतराव मूळचे वैजापूरचे, कांद्याचे व्यापारी. धंदा मुलाकडे देऊन आता इथं राहतात. मी चितेगावच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होतो, मेअखेर रिटायर झालो. फंडाची रक्कम हातात आली आणि प्रश्न पडला, ठेवायची कुठं? माझ्या बायकोच्या, शोभाच्या, गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी वर्ष-दोन वर्षांत करावंच लागेल म्हणून सांगितलं होतं. पैसे त्यासाठीच होते. ऐन वेळी ते हातात पडले पाहिजेत, एवढीच माझी अट.

जवळ दोन बँका. एकीत व्याज अर्धा टक्का जास्त, आणि माणसं घरून भांडून आल्यासारखी. दुसरीत एसी, सोफा, चहा, आणि व्याज असं की विचारायचीच लाज वाटावी. पहिलीला आम्ही व्याजवाली म्हणतो, दुसरीला चहावाली. जब्बारभाई व्याज घेतच नाहीत. वडिलांच्या वेळचं चालू खातं व्याजवालीत आहे, तेच चालवतात. त्यामुळं बँकेत गेल्यावर त्यांना दराचा फळा दिसत नाही, फक्त माणसं दिसतात. ती बघून ते दर वेळी तोंड कडू करून परत येतात.

* * *

एकदा वसंतराव व्याजवालीत चेक भरायला गेले. स्लिप लिहायला पेन मागितलं, तर क्लार्क मान वर न करता म्हणाला, बाहेर दहा रुपयांना मिळतं. यांनी आणलं. टोपण चावत चावत स्लिप लिहिली, ती यांची जुनी सवय. क्लार्कनं "जरा द्या" म्हणून पेन घेतलं आणि तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

आठ दिवसांनी गेले तर तेच पेन सुतळीनं काउंटरला बांधलेलं. सुतळी वीतभर. लिहायचं तर कमरेत वाकायचं आणि कागद पेनापाशी न्यायचा. वसंतरावांनी चावलेलं टोपण ओळखलं, तसं सांगितलंही.

क्लार्क म्हणाला, "पेन बँकेचं आहे. बांधलेलं दिसत नाही का?"

पायरीवर येऊन वसंतराव आधी टेकले. मग म्हणाले, "काळे, मार्केट यार्डात आम्ही पण लई उद्योग केले. पण ज्याचा कांदा त्यालाच दाखवून माझा हाय म्हणलं नाय कधी."

* * *

मला राग आला. मी त्या पेनाबद्दल रीतसर तक्रार लिहिली आणि घेऊन गेलो. भिंतीवर तक्रारपेटी होती, चांगली लाकडी, कुलूप लावलेली. पण चिठ्ठी टाकायची फट दिसेना. नीट पाहिलं तर फटीवर व्याजदराचा मोठा फळा टांगलेला.

मी फळा थोडा बाजूला सरकवायला गेलो, तर वॉचमन धावत आला. फळ्याला हात लावायचा नाही म्हणाला, साहेब रागावतात. मग तक्रार टाकायची कशी, असं मी विचारलं. त्या भल्या माणसानं खरोखर विचार केला.

"तुम्ही व्याज बघा ना," तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात मॅनेजरच्या डोक्यामागं एक फ्रेम लागली. वर्षभरात एकही तक्रार आली नाही म्हणून हेड ऑफिसनं शाखेचं कौतुक केलं होतं. असल्या बेशरमपणाला फ्रेम करायची सोय फक्त बँकेतच असते.

* * *

आता तुम्ही म्हणाल, मग चहावालीत का नाही गेलात? सांगतो.

वसंतरावांचं एक खातं चहावालीतही आहे, चहापुरतं. एक जूनला तिथली नवीन आलेली मुलगी पायरीवर हजर झाली. पुण्याची होती, हातात केकचा डबा. वसंतरावांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. त्यांना स्वतःला आठवतही नव्हतं. मी म्हणालो, आज माझाही आहे. काचेमागं एका फ्रेमचा स्क्रू आवळत जब्बारभाई म्हणाले, "मेरा भी."

मुलीला वाटलं आम्ही तिची फिरकी घेतोय. तिला कोण सांगणार, की आमच्याकडे लेकरू कधी जन्मलं हे पाऊसपाण्यावरून आठवायचे आणि शाळेत नाव घालताना हेडमास्तर सरसकट एक जून लिहून मोकळे व्हायचे. तालुकेच्या तालुके एकाच दिवशी जन्मलेत. आम्ही समजावून सांगितलं. ती "सो स्वीट" म्हणाली, आणि केकच्या डब्याखालून विम्याचे तीन फॉर्म काढले.

वसंतरावांनी मुदत विचारली. पॉलिसी पिकणार तेव्हा त्यांचं वय एक्याण्णव. मुलगी गोड हसून म्हणाली, तेव्हाच तर गरज लागेल ना सर.

वसंतराव म्हणाले, "पोरी, तवा मला न्यायला येतेन लोकं, पैसे द्यायला नाय."

केक मात्र चांगला होता. आम्ही तो खाल्ला, फॉर्म परत केले, आणि फंड हातात पडताच मी तो व्याजवालीत टाकून आलो. गोड बोलून गळ्यात पडणाऱ्यांपेक्षा खडूस परवडला, असा माझा हिशोब. अर्धा टक्का जास्त मिळतोय म्हणून घरी ऐटीत सांगितलं. शोभा गुडघ्याला तेल चोळत होती. "अर्ध्या टक्क्यासाठी किती जणांची बोलणी खायची, तेही विचारून आलात ना?" एवढंच बोलली. मी ते मनावर घेतलं नाही. मूर्खच होतो.

* * *

ठेवीची मुदत संपली त्याच आठवड्यात डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली. दोन दिवसांत हॉस्पिटलात पैसे भरायचे, नाहीतर तारीख दुसऱ्याला. शोभाला एव्हाना न्हाणीपर्यंत जायलाही भिंत धरावी लागत होती. मी पावती घेऊन व्याजवालीत गेलो. पेन तेच, सुतळी तीच. कमरेत वाकून सही केली.

मॅनेजरनं कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाला, "ही सही तुमची नाही."

मी म्हणालो, तुमच्यासमोर तर केली. तो म्हणाला, समोर कुणीही करतं. पुन्हा केली. पुन्हा नाही जुळली. सुतळीला हिसका बसायचा आणि अक्षर वाकडं व्हायचं. स्वतःचं पेन खिशातून काढलं, तर तोवर आपण सही करतो कशी तेच विसरलो होतो. नऊ वेळा सही केली, नववी सगळ्यात वाईट. आधार कार्ड दाखवलं, पॅन दाखवलं. तो म्हणाला, फोटो जुळतो, सही जुळत नाही. कंपनीत तीस वर्षं ज्या सहीवर ट्रकच्या ट्रक सुटले, ती माझी नव्हती म्हणे. मला रडू यायचंच बाकी होतं, ते खोटं कशाला सांगू.

शेवटी त्यानं उपकार केल्यासारखा नियम सांगितला. शाखेच्या एखाद्या जुन्या खातेदारानं मला ओळखतो म्हणून अर्जावर सही दिली, तर काम होईल. मी जब्बारभाईंना फोन केला. गिऱ्हाईकाच्या डोळ्यावरचा चष्मा तसाच सोडून ते आले. माझा चेहरा बघितला, सुतळी बघितली, टेबलावरच्या नऊ सह्या बघितल्या. खिशातलं पेन काढलं आणि अर्जावर उजवीकडून डावीकडं उर्दूत ओळ ओढली.

त्या शाखेत उर्दू वाचता येणारा एकही माणूस नाही. मॅनेजरनं जब्बारभाईंची जुनी सही कॉम्प्युटरवर काढली. चष्मा वर केला, खाली केला. मान तिरकी करून एकदा स्क्रीनकडं, एकदा अर्जाकडं बघितलं. मग 'सही पडताळली' असा शिक्का दणकन मारला, त्याखाली स्वतःची सही ठोकली, आणि अर्ज माझ्यापुढं धरला.

"ही बघा सही. इतक्या वर्षांत एक टिंब हललं नाही. शिका जरा यांच्याकडून."

पैसे त्याच दुपारी हॉस्पिटलात पोहोचले. तारीख टिकली. शोभा आता जिना चढते.

पण हे नंतरचं. त्या दिवशी बँकेबाहेर आल्यावर मी सहज म्हणालो, भाई, आज सही जरा लांबलचक केलीत. जब्बारभाईंनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला.

"सही कहाँ की, कालेसाब," ते म्हणाले. "मैंने लिखा, ब्याज अच्छा, लोगाँ निकम्मे."