पुऱ्यांचा डबा

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. कुणाबद्दल लिहावं एवढा मी मोठा नाही, माफ करा. पण विद्यानगरच्या आमच्या शेजारच्या काकू मनातून जात नाहीत.

स्वतःला भीती वाटली की काकू खाण्याचंच बोलत. शहराबाहेरच्या नव्या रिसॉर्टला त्यांनी मलाही सोबत नेलं. तिथे पायांना फळी बांधून, वरून फिरणाऱ्या तारेला लावलेली दोरी धरून तळ्यावर घसरायचं. त्यांचा लेक पडला की काकू काठावरून ओरडायच्या, "पुऱ्या गार व्हायल्यात रे!"

एकदा तो तळ्यातल्या, उडी मारायच्या लाकडी उतारामागे पडला आणि दिसेनाच. काका काठावरच्या शिट्टीवाल्या जीवरक्षकाला हाका मारत होते. तोवर काकू डबा घेऊन, चपलांसकट, कमरेएवढ्या पाण्यात शिरल्या होत्या. त्यांना पोहता येत नव्हतं.

लेक उतारामागून हसत आला. "आई, काय करायलीस? जॅकेट आहे ना!"

"हौ, मालूम आहे. पुरी द्यायला आले."

डब्याचं झाकण मात्र खडखडत होतं.

लेक पुढे नोकरीला परदेशी गेला. परवा हॉस्टेलवर माझ्या आईचा फोन आला. काकूंचा लेक सुट्टीत येतोय, त्याला पुन्हा तिथेच जायचंय. आणि काकू रोज सकाळी पोहायला शिकायला जातात.